बाबांची सकाळची शाळा

३ फेब्रुवारी, सोमवार, दुपार

दादा,

फोन तू उचलत नाहीस, म्हणून हे कागदावर. मेल करणार नाही. संस्थेच्या मेलमध्ये कोणी काय वाचायचं हे मीच ठरवते, तेव्हा माझा त्याच्यावर भरवसा किती असेल ते समजून घे. न वाचता फेकायचं असेल तर फेक. पण बारकीने कळवलंच नाही असं पुढे म्हणू नकोस.

बातमी अशी की तुझी बारकी बहीण आज स्टेजवर चढली. संस्थेच्या सातही शाळांची नवी यंत्रणा आज सुरू झाली. हजेरी, गुण, रजा, बस, फाटक, सगळं एकात. अध्यक्षांनी बटण दाबलं, टाळ्या पडल्या, मला गुच्छ मिळाला. बटण नुसतं चित्राचं होतं, खरं काम मी कालच उरकलं होतं, पण अध्यक्षांना दाबायला काहीतरी हवं असतं. दारावर 'तंत्रज्ञान संचालक' अशी पाटी लागून चार वर्षं झाली, तरी मास्तरमंडळींच्या लेखी मी प्रिंटर अडकला की बोलवायची बाईच. आज पहिल्यांदाच कुणी प्रिंटरचं नाव काढलं नाही. मूठभर मांस चढलं म्हण ना!

आता बाबांचं. तुला ऐकायचं नसेल, तरी लिहिणार. त्यांचं विसरणं खूप वाढलंय. मध्यंतरी रोज सकाळी बूट घालून दाराशी उभे राहायचे, शाळेला उशीर होतोय म्हणून. निवृत्त होऊन अकरा वर्षं झाली हे सांगितलं की चिडायचे, आणि मग रडायचे. दोन्ही बघवत नव्हतं. शेवटी मी त्यांना शाळाच आणून दिली. शिक्षकांना शिकवण्यासाठी आम्ही यंत्रणेची एक सराव-प्रत ठेवतो. दिसायला हुबेहूब खरी, पण आत काहीही करा, बाहेर कुठेच पोचत नाही. त्या प्रतीत मी बाबांना मुख्याध्यापक करून टाकलं. चहा झाला की ते टेबलाशी बसतात, वर्गावर्गाची हजेरी बघतात, रजेचे अर्ज कुरकुरत मंजूर करतात, पोरांना शेरे देतात. 'अक्षर सुधारा' हा शेरा तर त्यांनी एका पोराला इतक्या वेळा दिलाय की तो खरा असता तर शाळा सोडून गेला असता. जेवायच्या वेळेला माणूस कसा तृप्त असतो म्हणून सांगू!

आज मी जेवायला घरी आले, तर स्वारी फारच खुशीत. म्हणाले, "थोरल्याचा अर्ज आला होता. मंजूर करून टाकला." कसला अर्ज, विचारलं. म्हणाले, "मुलीला न्यायचंय त्याला. बाप आहे. जाऊ द्या." आणि वरणाची वाटी तोंडाला लावली.

दादा, पाच वर्षांत त्यांनी तुझं नाव घेतलं नव्हतं. तुझ्याविरुद्ध कोर्टात साक्ष देऊन आले, पोरगी वहिनीकडे गेली, त्या दिवसापासून एकदाही नाही. आणि आज हे. तू काही लिहिलं होतंस का त्यांना? लिहिलं असशील तर मला आनंदच आहे.

तुझी बारकी


५ फेब्रुवारी, बुधवार

दादा,

टीव्हीवर बघितलं असशील. आमच्याच शाळेतली मुलगी. चौथीतली. सोमवारी शाळा सुटताना तिचा बाप तिला घेऊन गेला आणि तेव्हापासून दोघांचा पत्ता नाही.

त्या बापाला मुलीजवळ फिरकायची कोर्टाची मनाई आहे. आईला मारझोड करायचा. मुलीलाही एकदा जिन्यावरून ढकललं होतं, त्याचं दुखणं अजून तिच्या मनगटात आहे. आई हॉस्पिटलात ऑपरेशनच्या खोलीत नर्स आहे, तिथे फोन आत नेता येत नाही. 'आपल्या पाल्याला वडिलांबरोबर सोडण्यात आले आहे' हा निरोप तिला मिळाला तेव्हा तास उलटून गेला होता.

फाटकावरचे काका माझ्यासमोर बसले होते. "हिरवं आलं होतं बाई," एवढंच परत परत. फाटकावर नवी, स्क्रीनवाली पाटी आहे. नाव टाकलं की लाल किंवा हिरवं येतं. "मला ओळखीचा वाटला तो. हाच तो मारकुटा, असं डोक्यात आलंही. पण हिरवं आल्यावर अडवलं, तर तुम्हीच मला झापलं असतं." खरं आहे. झापलं होतं मी त्यांना, गेल्या महिन्यात, सरावाच्या वेळी. एका आजोबांना हिरवं असूनही चेहरा पटला नाही म्हणून अडवलं होतं त्यांनी. मी म्हणाले होते, "काका, तुम्ही तुमचं डोकं चालवायचं नाही. त्यासाठीच तर हे बसवलंय."

मनाई असलेल्या पालकाने मुलाला न्यायची विनंती केली तर ती थेट मुख्याध्यापकांसमोर जाते, आणि त्यांच्याखेरीज कोणालाच मंजूर करता येत नाही. कोर्टाचा हुकूम कधी बदललाच तर सोय हवी, म्हणून. ही विनंती मंजूर झाली होती. मंजुरीवर नाव येत नाही, पद येतं. 'मुख्याध्यापक'. म्हणजे आपली चष्मेवाली. माझ्या वर्गातली, आपल्या अंगणात लगोरी खेळायला यायची ती. आता तीच मुख्याध्यापिका आहे. ती म्हणते, मी विनंती पाहिलीच नाही, त्या वेळी मी सभागृहात तुझ्याच टाळ्या वाजवत होते. कोणी ऐकून घेत नाही. काल तिला निलंबित केलं. तिच्या दारावर कुणीतरी डांबर फासून गेलं.

यंत्रणेत दोष नाही. मी सगळं तपासलंय. सांगितलं तसंच तिने केलं.

तू बाबांना अर्ज केला होतास ना? अमुक दिवशी केला, एवढंच एका ओळीत कळव. फार गरज आहे.

बारकी


९ फेब्रुवारी, रविवार

दादा,

तुझं कार्ड आलं. पाच वर्षांत पहिलं. 'मी अर्ज केलेला नाही. करणारही नाही.'

मला माहीत होतं. सोमवारीच कळलं होतं मला, मुलगी गेल्याची बातमी आली त्या क्षणी. ताटावर बसलेले बाबा डोळ्यांसमोर आले. तरी तुला विचारलं. बुडत्याला काडीचा आधार म्हणतात ना, तशी तू हो म्हणशील या आशेवर चार दिवस काढले.

सांगते. नवी यंत्रणा आधी सराव-प्रतीत तयार करतात, आणि ठरल्या दिवशी तीच प्रत खरी होते. आमच्या धंद्यात हीच रीत आहे. काल सराव, आज खरी. त्याआधी सरावातली खोटी खाती काढून टाकायची असतात. खोटे शिक्षक, खोटे कारकून. मी सगळी काढली. एक राहिलं. सोमवारी सकाळी बाबा चहा घेऊन टेबलाशी बसले, तेव्हा ते खरोखरच शाळेचे मुख्याध्यापक होते. मी विसरले दादा. रविवारी डोळ्यांवर झापड होती, अध्यक्षांचे दर घटकेला फोन चालले होते. विसरले.

विनंतीत त्या माणसाने लिहिलं होतं, 'मी तिचा बाप आहे. एकदा भेटू द्या.' बाबांना तो तू वाटलास. खाली त्यांनी आपला शेराही दिला, 'बाप आहे. जाऊ द्या.' तो शेरा मुलीच्या आईच्या फोनवर गेला. आता सगळ्या गावाच्या फोनवर आहे. लोक चष्मेवालीचा फोटो लावून त्याखाली तो लिहितात.

आता गंमत ऐक. अध्यक्षांनी चौकशी नेमली आहे. मंजुरी कुणी दिली, कुठून दिली, याचा तांत्रिक अहवाल लिहायचा. कोणी लिहायचा? तंत्रज्ञान संचालकांनी! काखेत कळसा आणि गावाला वळसा. कुठल्या घरातून ते खातं उघडलं ते फक्त मला दिसतं. अध्यक्ष काल माझ्या खोलीत आले, दार लावून घेतलं आणि म्हणाले, "हे बघा, बाईंनी आपला पासवर्ड कुणाला तरी दिला असेल. बायका देतात. एवढं एक वाक्य आलं की संस्था सुटली आणि तुम्हीही सुटलात." त्यांना काही माहीत नाही. नुसतं संस्थेचं नाव जपायचंय त्यांना. मी मान हलवली. नाही म्हटलं नाही.

खरं लिहिलं तर पोलिस बाबांकडे येतील. त्यांना काय कळणार आहे? आणि मी आत गेले तर त्यांना जेवू कोण घालणार? खोटं लिहिलं तर चष्मेवाली आयुष्यातून उठली. दोन्हीकडून फास. पोरगी सुखरूप मिळू दे, मग बघू, असं मी स्वतःला सांगत बसले आहे. मिळेल. बापच आहे शेवटी, पोटच्या पोरीला काय करेल?

बघ, मीही तेच लिहून बसले.

बारकी


१२ फेब्रुवारी, बुधवार

दादा,

मिळाली. परवा. जुन्या दगडाच्या खाणीत पाणी साचलंय, त्यात गाडी होती. दोघं आत. तिचा पट्टा लावलेला होता. नीट लावलेला, लहान मुलांना लावतात तसा.

काल तिची आई शाळेत आली होती. भांडायला नाही. मुलीच्या वर्गातल्या कप्प्यात तिचं काय काय राहिलंय ते न्यायला. रंगपेटी, एक स्वेटर आणि डबा. डबा त्या सोमवारपासून तसाच, आतलं खराब झालेलं. शिपायाने धुऊन देतो म्हटलं तर दिला नाही तिने, छातीशी धरून ठेवला. जाताना माझ्या दाराशी थांबली. पाटी वाचली. मग म्हणाली, "मॅडम, तुम्हाला मशीनमधलं कळतं ना? 'जाऊ द्या' हे कुणी लिहिलं, तेवढं मला सांगा. मला बाकी काही करायचं नाही. मी अर्ज केला होता ना शाळेकडे, त्याला जवळ येऊ देऊ नका म्हणून? कागद दिले होते, त्याचे फोटो दिले होते. तरी जाऊ द्या लिहिताना त्याच्या मनात काय आलं असेल, एवढंच विचारायचंय."

मी म्हणाले, तपास चालू आहे.

थुंक माझ्या तोंडावर. पण तेच म्हणाले.

घरी आले तर बाबा टेबलाशी. त्या सोमवारीच त्यांचं खरं खातं मी बंद केलं होतं आणि रात्रभर बसून दुसरी प्रत करून दिली होती, ते तुला लिहायचं राहिलं. बातमी फुटल्यावर आधी मी ते खातं बंद केलं, मग पोलिसांना फोन केला. या क्रमाने. नवी प्रत खऱ्या शाळेवरूनच बनते, म्हणून तिच्यात चौथीच्या वर्गात त्या मुलीचं नाव आहे. काल मी ते काढून टाकलं. बाबांनी हजेरी उघडली, थांबले, आणि मला हाक मारली. "बारके, चौथीत एक मुलगी कमी दिसते." त्यांना आज वार कुठला ते सांगता येत नाही, आपली आई गेली हे दर आठवड्याला नव्याने कळतं, आणि एक नाव गेलेलं त्यांना दिसलं! म्हणाले, "आजारी आहे का? घरी कुणाला तरी पाठव." सारखं तेच. जेवलेच नाहीत. शेवटी मी नाव परत घातलं. त्यांनी तिला हजर लावलं आणि मग भात कालवला.

मी न्हाणीघरात जाऊन तोंडात टॉवेल कोंबून ओरडले.

आता गेल्या पत्रातलं एक दुरुस्त करायचंय. मी विसरले नव्हते. रविवारी यादीत त्यांचं खातं समोर दिसत होतं. काढायला हातही नेला होता. मग वाटलं, दुसरी प्रत करायला अर्धा दिवस जाईल, आणि उद्या सकाळी म्हातारा परत बूट घालून दाराशी उभा राहील, नेमका माझ्या समारंभाच्या दिवशी. एक दोन दिवसांनी काढू म्हटलं. ते काय करणार आहेत, अक्षर सुधाराच म्हणतील. ज्या कामासाठी संस्था मला पगार देते, कुणाच्या हाती कुठली किल्ली द्यायची, तेच काम मी आपल्या माणसापुरतं केलं नाही. कुंपणानेच शेत खाल्लं, दादा.

बारकी


१७ फेब्रुवारी, सोमवार

दादा,

अहवाल दिला. एकच पान. खातं कुणाचं, कुठल्या घरातून उघडलं, ते कुणी आणि का ठेवलं, सगळं. अध्यक्षांनी वाचून पान उलटं ठेवलं आणि म्हणाले, "हे मी पाहिलेलं नाही. तुम्ही घरी जा, विश्रांती घ्या, उद्या दुसरा लिहून आणा." मी म्हणाले, एक प्रत सकाळीच पोलिस चौकीत देऊन आले आहे. तेव्हा मात्र त्यांचा रंग उडाला. माझी पाटी उतरवायला शिपाई जिन्यातच भेटला मला. बिचारा पेचकस पाठीमागे लपवत होता. अध्यक्ष काय झटपट कामाला लागतात बघ, प्रिंटर दुरुस्त करायचा तर सहा महिने लावायचे.

मग चष्मेवालीकडे गेले. दारावरचं डांबर खरवडून काढलंय, लाकूड पांढरं पडलंय तिथे. मी सगळं सांगितलं. ती ऐकत राहिली. मग म्हणाली, "पंधरा दिवस तू माझ्याकडे बघत होतीस. रोज." एवढं बोलून आत गेली आणि पाण्याचा ग्लास आणून माझ्यासमोर ठेवला. दार उघडंच ठेवलं. मी पाणी न पिता उठले. ती माझी मैत्रीण होती, आता नाही. तिने शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

मुलीच्या आईकडेही गेले. ते लिहीत नाही. तिने जे विचारलं होतं त्याचं उत्तर तिला दिलं. त्याच्या मनात त्याचा स्वतःचा मुलगा आला होता, असं सांगितलं. ती म्हणाली, "म्हणजे माझी मुलगी त्याला दिसलीच नाही." मी म्हणाले, नाही.

उद्या सकाळी मला चौकीत बोलावलंय. वकील म्हणतो, लगेच सुटका व्हायची नाही. बाबांना काही करणार नाहीत. डॉक्टरांचा कागद दाखवला आहे, पोलिसबाई घरी येऊन त्यांच्याशी बोलूनही गेली. तिला त्यांनी रजा मंजूर केली.

तेव्हा आता मुद्द्याचं. तू ये. तुझ्यासाठी नको, माझ्यासाठी तर मुळीच नको. मी तुला पाच वर्षांत एकदाही विचारलं नाही की वहिनीवर तू खरंच हात उचलला होतास का. आजही विचारत नाही. माझं उत्तर मला माहीत आहे आणि बाबांनाही माहीत होतं, म्हणून ते कोर्टात उभे राहिले. ते बरोबरच वागले होते. आणि त्याचंच त्यांना इतकं लागलं होतं, की सगळं विसरले तरी तेवढं विसरले नाहीत. तुझ्यावर राग म्हणून हे लिहीत नाही. तुला दुसरं कोणी सांगणार नाही, म्हणून लिहिते.

किल्ली शेजारच्या आजींकडे ठेवली आहे. तू येईपर्यंत त्या दोन वेळचं बघतील, पण त्यांच्याच्याने फार दिवस होणार नाही. बाबांना चहात साखर कमी. गोळ्यांचा डबा फ्रिजवर. सकाळी चहा झाला की टेबलावरचा कॉम्प्युटर चालू करून द्यायचा, शाळा आपोआप उघडते. बाहेर कुठेच जोडलेली नाही, मी वायरच कापून टाकली आहे. चौथीच्या वर्गात त्या मुलीचं नाव आहे. ते राहू दे. ते तिला रोज हजर लावतात. लावू दे. मध्ये बोलू नकोस.

आणि एक. जेवण झाल्यावर ते खिडकीत जाऊन बसतात. त्या सोमवारपासून रोज. मला आधी वाटलं, ऊन घेतात. काल विचारलं, बाबा, काय बघताय? म्हणाले, "थोरला येईल आता. मुलीला न्यायला सोडलंय ना मी त्याला. घेऊन येतो म्हणाला."

तू फाटकातून आत आलास की त्यांना दिसशील. ओळखतील तुला, खात्री आहे माझी. उठून दाराशी येतील, आणि तुझ्या मागे बघतील.

बारकी